कुत्र्याचा कान : वळणापलीकडचं दुखणं

[दृश्य : कुत्र्याचा कान, अगदी जवळून. दोन बोटं पाळी हलकेच मागे उलटतात.]

आधी वास घ्या. हो, कानाचाच. निरोगी कानाला जवळजवळ वासच नसतो. आतली कातडी फिकट गुलाबी असते, सूज नसते, ओल नसते. कुठेतरी चिमूटभर पिवळट मळ दिसेल, तो असायचाच. एवढं पाहिलं की पाळी सोडायची आणि कुत्र्याला जाऊ द्यायचं. या कानाला आज काहीही करायची गरज नाही.

कारण तो आपली सफाई आपणच करतो. कानाच्या पडद्यावरची आणि नळीतली कातडी अतिशय संथपणे आतून बाहेर सरकत असते. सरकताना मळ आणि मेलेल्या पेशी बाहेर आणून टाकते. हे काम बिनबोभाट चालू असताना रोज उठून कापूस कोंबत बसलं, तर कातडी सोलवटते, ओल राहते आणि जंतूंना आयतं रान मिळतं. दुर्लक्षाने कान बिघडतात, तसे अति काळजीनेही बिघडतात. हे दुसरं मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

[रेखाचित्र : कानाच्या नळीचा छेद]

ही नळी नीट पाहा. आधी ती सरळ खाली उतरते. मग जवळजवळ काटकोनात वळून आडवी डोक्याच्या आत शिरते आणि पडदा लागतो. वरून डोकावणाऱ्याला फक्त उतरता भाग दिसतो. पाणी, मळ, गवताचं कुसळ, जे काही आत अडकतं ते त्या वळणापलीकडे. म्हणून तर कापसाची काडी घात करते. टोकाला लागलेला मळ पाहून आपल्याला समाधान वाटतं, पण उरलेला वळणापाशी ठासून बसलेला असतो.

कॉकर स्पॅनियल, बॅसेट हाउंड यांच्या लोंबत्या पाळीखाली हवा खेळत नाही. पूडलच्या नळीत केस वाढतात. लॅब्राडॉर पाणी दिसलं की उडी मारतो. अशांच्या कानांकडे आठवड्यातून एकदा तरी पाहावं. उभ्या कानाच्या जर्मन शेफर्डलाही यातून सूट नाही.

[दृश्य : बाटली, कापूस. कुत्रा भिंतीला टेकून बसलेला.]

मळ साचला असेल किंवा कुत्रा पोहून आला असेल, तर कान धुवायचा. त्यासाठी कुत्र्यांसाठीच बनवलेलं इअर क्लीनर वापरायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर नको. सोलवटलेल्या कातडीवर ते पडलं, की पुढच्या वेळी बाटली पाहूनच कुत्रा पलंगाखाली जाईल. तेलही नको, ते आतच राहतं.

बाटली थोडा वेळ मुठीत धरा, गार थेंबांना कुत्री दचकतात. पाळी वर धरा, बाटलीचं टोक कानाला न टेकवता नळी भरेल इतका द्रव सोडा. आता पाळीच्या मुळाशी, गालाच्या बाजूला, एक कडकसर नळी बोटांना लागेल. ती वीस-तीस सेकंद चोळा.

[आवाज : पचपच, पचपच.]

हा आवाज आला म्हणजे द्रव वळणापर्यंत पोचलाय. आता मागे सरका! कुत्रा डोकं झटकणार, आणि आतला मळ सुटून वर येणार. आपण बोटाला कापूस गुंडाळून, बोट सहज जाईल तेवढंच पुसायचं.

[दृश्य : दुसरा कुत्रा. मान एका बाजूला कललेली.]

इथे मात्र बाटली खाली ठेवा. हात लावताच कुत्रा कळवळत असेल, पू येत असेल, मान कलली असेल किंवा तोल जात असेल, तर पडदा फाटलेला असू शकतो. अशा वेळी औषध मधल्या कानात उतरतं, आणि काही औषधं तिथे पोचली की ऐकूच येईनासं होऊ शकतं. दवाखान्यात निघण्याआधी कान पुसून लख्खही करू नका. डॉक्टरांना तो मळच हवा असतो.

[दृश्य : काचपट्टी, रंगाचा थेंब, सूक्ष्मदर्शक.]

मळ काचपट्टीवर घेऊन रंगवला, की भिंगाखाली गुन्हेगार दिसतो. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, कमरेत आवळलेल्या या पेशी आहेत मॅलासेझिया बुरशीच्या. कानाला येणारा आंबूस वास बहुधा हिचाच. गोल ठिपके किंवा काड्या दिसल्या तर जिवाणू. काळपट, भुरभुरीत मळात चालणारे पांढरे ठिपके दिसले तर कानातले माइट्स, म्हणजे बारीक परजीवी, आणि मग घरातल्या बाकीच्या कुत्र्या-मांजरांनाही तपासावं लागतं. प्रत्येकाचं औषध वेगळं. मागच्या वेळची उरलेली बाटली म्हणूनच उपयोगाची नसते.

कान वरचेवर बिघडत असेल, तर बुरशी हे निमित्त असतं. मूळ दुखणं बहुतेकदा ॲलर्जीचं, खाण्यातल्या एखाद्या घटकाची किंवा धूळ-परागांची. कानाची नळी म्हणजे शेवटी कातडीच. असा कुत्रा पंजे चाटतो, पोट खाजवतो, आणि आपण फक्त कानात थेंब घालत राहतो. वर्षानुवर्षं हे चाललं तर नळी जाड होऊन बुजत जाते, आणि काही कुत्र्यांची अख्खी नळी शस्त्रक्रियेने काढावी लागते.

[दृश्य : तोच कुत्रा, पुन्हा तपासणीच्या टेबलावर.]

औषधाने खाज दोन-चार दिवसांत थांबते, आणि बरेच जण थेंब तिथेच बंद करतात. आडव्या भागातला संसर्ग तेव्हा शिल्लक असू शकतो. ठरलेले दिवस पूर्ण झाल्यावर डॉक्टर पुन्हा मळ घेतात आणि नवी काचपट्टी पाहतात. ती स्वच्छ आली, तरच थेंब थांबतात.