खोली पडायला आली म्हणून शाळा बंद? आधी हे दोन कागद वेगळे करा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांदा आलाय की आज दुसरा विषय घेतच नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडीतनं आला, भुदरगडातनं आला, चंदगडातनं तर तिघांनी विचारलाय. "ताई, आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत धोकादायक ठरवली. आता शाळा बंद होणार काय?"

हा प्रश्न आत्ताच का यायला लागला, ते तुम्हाला माहीत आहे. 25 जुलै 2025 ला राजस्थानात, झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात शाळा कोसळली आणि सात मुलं गेली. त्यानंतर केंद्रानं सगळ्या राज्यांना शाळांच्या इमारती तपासायला सांगितलं. तपासायलाच पाहिजेत. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असं सुप्रीम कोर्टानं 2009 मध्येच सांगितलंय. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

प्राथमिक गोष्टी पटकन सांगते, बऱ्याच जणांना ठाऊक असतील. पट म्हणजे शाळेत नोंदवलेली मुलं. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या बायका असतात आणि मुख्याध्यापक सचिव असतात. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, हा नियम. झालं. आता मुद्द्याचं.

धोकादायक खोली पाडायची परवानगी घेतात, तिला निर्लेखन म्हणतात. हा शब्द नीट ऐका. निर्लेखन खोलीचं होतं, शाळेचं होत नाही. खोली म्हणजे दगड, माती, वासे, कौलं. शाळा म्हणजे पटावरची मुलं, गुरुजी आणि हजेरी. खोली पाडायची का, हे बांधकाम विभागाचे उपअभियंता बघून सांगतात. शाळा ठेवायची का, हा शिक्षण विभागाचा वेगळा विषय आहे, वेगळी फाईल आहे आणि त्याची कारणंही वेगळी लागतात. दोन्ही गोष्टी एकाच ठरावात आल्या की समजा, घात झाला.

माझ्याच गावचं सांगते. गावाचं नाव घेत नाही, माणसं ओळखीची आहेत. माझा मुलगा तिसरीत होता आणि मी समितीवर होते. शाळा दोन खोल्यांची. पश्चिमेची जुनी, कौलारू. पूर्वेची स्लॅबची, नंतर बांधलेली. जुन्या खोलीचं आढं वाळवीनं पोखरलेलं. बोटानं दाबलं तर भुसा हातात यायचा. बांधकाम विभागाचे साहेब आले, हातोडीनं ठोकून बघितलं आणि भिंतीवर लाल रंगानं "धोकादायक" लिहून गेले. बरोबरच केलं त्यांनी. पण दुसऱ्या दिवशी दोन्ही खोल्यांना कुलूप. मुलं ओढ्यापलीकडच्या शाळेत बसवायची, पंधरा दिवसांपुरती, असं तोंडी सांगितलं.

जुलैचे दिवस. आमच्याकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप नसते. साकवावरनं पाणी जातंय, आम्ही आया आळीपाळीनं पोरांना हाताला धरून पलीकडं सोडतोय. पंधरा दिवसांचा महिना झाला. मग ऑगस्टमध्ये निरोप आला, "मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढून तिकडंच नाव घाला, पोषण आहाराच्या नोंदीला सोपं पडतं."

इथं जीव खाऊन सांगते: दाखला काढू नका. मुलं तात्पुरती दुसरीकडं बसू देत, मंडपात बसू देत, देवळात बसू देत, पण हजेरी आपल्या शाळेच्या नावानं लागली पाहिजे. का? शिक्षकांची पदं ठरवायची संच मान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. जुलैत मुलं हलवली, ऑगस्टमध्ये दाखले काढले की 30 सप्टेंबरला तुमच्या शाळेचा पट शून्य. मग कुणी शाळा बंद केली असं म्हणताही येत नाही, कागदावर ती आपोआप संपलेली असते.

आम्ही दाखले काढले नाहीत. मग समितीसमोर ठराव आला, आधीच टाईप केलेला. त्यात ओळ होती: "सदर शाळा धोकादायक असल्याने निर्लेखित करणेस मंजुरी." मुख्याध्यापकांनी सही करायला पेन पुढं केलं. मी म्हटलं, सर, "शाळा" खोडा आणि "पश्चिमेकडील खोली क्र. 1" घाला. सरांनी खोडलं, वर लिहिलं, बाजूला सही केली. त्यांनाही ते पटलं होतं, त्यांनी आधी तसा विचारच केला नव्हता. पूर्वेची खोली साहेबांनी परत येऊन तपासली, ठणठणीत निघाली. दसऱ्याच्या आधी मुलं तिथं बसली. पश्चिमेची पाडली.

म्हणजे एका शब्दाचा खेळ होता. तुमच्याकडं ठराव आला तर पहिल्यांदा कर्ता कोण आहे ते बघा. काय धोकादायक आहे, खोली की शाळा?

आता गडहिंग्लजच्या एका निवृत्त गुरुजींची कमेंट. ते लिहितात, "चार मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघही होत नाहीत. अशी शाळा ओढत नेणं मुलांवर अन्याय आहे." गुरुजी, तुमचं मला मान्य आहे. चार वर्गांची चार मुलं आणि एकच शिक्षक, तेही अर्धा वेळ मीटिंगला. अशा ठिकाणी चांगल्या शाळेत मुलं नेणं योग्य असू शकतं. पण आधी तिकडची खोली तयार पाहिजे, गाडी ठरलेली पाहिजे, आणि गाडीचा खर्च कोण, किती वर्षं देणार ते लेखी पाहिजे. मग इकडचं कुलूप. आपल्याकडं कुलूप आधी लागतं आणि गाडीचं नंतर बघू म्हणतात, माझा राग तेवढ्यावर आहे.

आणि अंतर नकाशावर मोजू नका हो. धनगरवाड्यावरनं खाली उतरणाऱ्या पोरीचा एक किलोमीटर आणि कोल्हापूर शहरात राजारामपुरीतल्या पोराचा एक किलोमीटर सारखा नाही. राधानगरीकडं वाटेत गवा आडवा येतो. शिरोळ-करवीरला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी ओलांडते तेव्हा रोजचा रस्ता उरत नाही. पावसाळ्यात एकदा पोरांबरोबर चालत जा, घड्याळ लावा आणि लागलेली मिनिटं ठरावात लिहा.

"पट नाही तर दुरुस्तीला पैसे कशाला घालायचे?" असंही एकानं विचारलंय. दादा, जरा उलटं बघा. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतनं शाळेला वर्षाला जे अनुदान मिळतं ते पटावर ठरतं. तीसपर्यंत पट असेल तर 10 हजार रुपये, शंभरपर्यंत 25 हजार. त्यातच रजिस्टरं, त्यातच साफसफाई, त्यातच किरकोळ दुरुस्ती. पण पट निम्मा झाला म्हणून छप्पर निम्मं होत नाही. कौलं तेवढीच, पाऊस तेवढाच. मग शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावून घेणं, राहून जाते. एक कौल सरकतं, पाणी वाशावर येतं, वासा कुजतो, भिंतीला ओल धरते. अशा खोलीत आई पोराला बसवील का? ती त्याला तालुक्याच्या इंग्लिश मीडियमच्या गाडीत बसवते. पट आणखी घसरतो आणि मग कागदावर येतं, "पालकांचा प्रतिसाद नाही."

पालकांचा प्रतिसाद बघायचा असेल तर कोल्हापुरातच बघा. जरगनगरची महापालिकेची शाळा. तिथं पहिलीच्या प्रवेशाला पालक रांगा लावतात. सरकारी शाळाच आहे ती. 1917 मध्ये शाहू महाराजांनी ह्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आई-बापांवर सक्ती करण्याआधी गावात शाळा द्यावी लागते, हे ह्या मातीला शंभर वर्षांपूर्वी कळलंय.

एक गोष्ट राहिली, शिरोळच्या भावांनी आठवण केली. 2019 आणि 2021 च्या महापुरात माणसं कुठं झोपली? शाळांत. मतदान कुठं होतं? शाळेत. म्हणून बंद करायचा प्रस्ताव आला की ग्रामसभेत हेही विचारा: शाळा गेली तर इमारतीचं काय? अंगणवाडी, वाचनालय, काय ते आत्ताच ठरवून लिहा. जागा कुणी बक्षीसपत्रानं दिली असेल तर तो कागद काढून वाचा, त्यात अट असू शकते.

आता आजऱ्याच्या ताई. तुम्ही पाठवलेला ठरावाचा फोटो मी मोठा करून वाचला. तिसऱ्या ओळीत "शाळा इमारत पूर्ण निर्लेखन" असं आहे, आणि तुम्हीच लिहिलंय की दोन खोल्यांपैकी एकीचंच छप्पर गेलंय. बुधवारी सभा आहे ना? त्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. खोलीचा क्रमांक, लांबी-रुंदी आणि बांधल्याचं साल घालून ओळ बदलून घ्या. दुसऱ्या खोलीची तपासणी वेगळी मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आणि पोरांचे दाखले, ताई, तिथंच राहू देत.