शिवणीतलं बिऱ्हाड

(गादीची कड, अगदी जवळून)

गादीचा गोट बोटानं मागे ओढला की आत हे काळे ठिपके दिसतात. बॉलपेनचं टोक टेकवून उचलावं, तसे. ही ढेकणांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ओला कापूस फिरवला की तांबूस फरांटा उमटतो.

बाजूला कांद्याच्या सालीसारखं चिकटलंय, ती कात. अंड्यातून निघाल्यावर ढेकूण ५ वेळा कात टाकतो आणि दर वेळी आधी रक्त प्यावंच लागतं. त्याला केर-कचऱ्याशी घेणं नाही. त्याला माणूस हवा. घरात ढेकूण निघाले म्हणून लाज वाटण्याचं कारण नाही.

(रात्र. लाल दिवा)

लाल उजेड त्याला फारसा जाणवत नाही, म्हणून हे चित्रण जमलं. झोपलेल्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर तो येतोय. चालत. उडणं, उड्या मारणं त्याला जमत नाही.

सोंड आत गेली. आता पोटाकडे बघा.

सफरचंदाच्या बीएवढा, कागदासारखा चपटा होता. ५ ते १० मिनिटांत टम्म फुगतो आणि परत फटीकडे निघतो.

त्याच्यामुळे माणसाला रोग होतो, असं सिद्ध झालेलं नाही. खाज, गांधी आणि झोपेचं खोबरं मात्र ठरलेलं.

(पलंग आडवा केलेला)

या खोलीत आधी दोनदा फवारणी झाली होती. डबा दाबून खोलीभर धूर सोडायचा, दार लावून निघून जायचं, हा तर सगळ्यात फसवा उपाय. धूर हवेत राहतो, ढेकूण फटीत. औषधं पचवायला तो फार पूर्वी शिकलाय. १९४७ मध्ये हवाईतल्या पर्ल हार्बरला डीडीटीनं न मरणारे ढेकूण आढळले होते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड औषधांनाही अनेक ठिकाणी ते दाद देत नाहीत.

म्हणून इथे आधी पाना आला. हेडबोर्ड सुटला. स्क्रू काढला, आणि त्या भोकात बघा: मोठे, पिल्लं, कात, अंडी, सगळं कुटुंब. अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, पांढरं, लाकडाला डिंकानं डकवल्यासारखं. झाडूनं पडत नाही.

आता वाफ. नळीच्या तोंडाला फडकं गुंडाळलंय, नाहीतर झोतानं किडे उडून भलतीकडे पडतात. हात सावकाश चाललाय, इंच इंच. घाई केली की लाकूड वरवर तापतं आणि आतला ढेकूण वाचतो. फटीच्या आत ५० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता पोचली, की अंडीसुद्धा संपतात. चादरी, अभ्रे, कपडे ६० अंशांच्या पाण्यात.

(पलंगाचा पाय, खाली प्लॅस्टिकची वाटी)

पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढलाय. चादर जमिनीला टेकत नाही. वाटीच्या आतल्या भिंतीला टाल्कम पावडर लावलीय. उतरलेला ढेकूण घसरतो, वर चढू शकत नाही.

पहिल्या आठवड्यात वाटीत रोज काही ना काही असायचं. मग तीन दिवस कोरी.

हा अकरावा दिवस. तळाशी हललं ते पिल्लू. वाफेतून सुटलेल्या एखाद्या अंड्यातलं, अजून रक्त न प्यालेलं, म्हणून जवळजवळ पारदर्शक.

(पाना. तोच हेडबोर्ड, पुन्हा)