डोस लिहिणारा आणि डोस मोजणारा

(दृश्य: सकाळ. चोपड्याकडची केळीची बाग, ठिबकच्या नळ्या.)

हे बाबा केळीवाले. कंपनीने ड्रिपरवर काहीही छापलेलं असो, खाली मापाचं भांडं लावून तासाला किती पाणी पडतंय ते स्वतः बघितल्याशिवाय नवी लाइन चालू करत नाहीत. सध्या घशाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतायत, सोमवार ते शुक्रवार रोज 2 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), असे 35 दिवस म्हणजे एकूण 70 ग्रे, 7 आठवडे. शेक म्हणतात सगळे, पण गरम काहीच लागत नाही बरं का.

(दृश्य: कॉम्प्युटरवर सीटी स्कॅन.)

70 चा आकडा लिहिणारे हे डॉक्टर, रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार करणारे. गाठ कुठपर्यंत आहे, भोवती किती मार्जिन धरायचं, लाळेच्या ग्रंथी कशा वाचवायच्या, मज्जारज्जूला साधारण 45 ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे सगळं एकेका स्लाइसवर माऊसने रेषा ओढत ठरवतात आणि त्यात तासन्‌तास जातात.

मग फाइल जाते शेजारच्या खोलीत, फिजिसिस्टकडे. हा एमबीबीएस नाही, फिजिक्सवाला. एमएस्सी करून वर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, ट्रॉम्बेच्या बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, तो 1962 पासून शिकवतात. किरण कोणत्या कोनातून किती सोडायचे ते हा बसवतो आणि कधीकधी परत येऊन सांगतो, सर, गाठीला पूर्ण द्यायचं तर मज्जारज्जूला जास्त जातंय. मग बाजारात करतात तशी घासाघीस. ती मिटली की प्लॅनवर दोघांच्या सह्या.

(दृश्य: मशीनखाली पाण्याची टाकी.)

आणि हे काम पेशंटला कधी दिसतच नाही. शरीरात बहुतेक पाणीच, म्हणून मशीनचा डोसही पाण्यात मोजतात, टाकीत ठराविक खोलीवर आयन चेंबर नावाची छोटीशी कांडी धरून. शिवाय रोज सकाळी पहिल्या पेशंटआधी एक झटपट चेक असतो, त्यात साधारण 3 टक्क्यांच्या वर फरक आला की मशीन थांबवायचं, बाहेर कितीही लाइन असू दे, आणि तेव्हा डॉक्टरही फिजिसिस्टचंच ऐकतात.

बाबांना वाटायचं सगळं डॉक्टरच करतात. शूटिंगच्या दिवशी टाकी बघितली आणि पहिला प्रश्न टाकीबद्दलच, "कांडी कितली खोल शे?"

10 सेंटिमीटर, फिजिसिस्ट म्हणाला. मग दोघं बराच वेळ मापावरच बोलत बसले, आमचा कॅमेरा चालू आहे हेही विसरले.