नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मित्रहो, १० नोव्हेंबर २००९ रोजी गुगलनं ‘गो’ ही आपली नवी प्रोग्रॅमिंग भाषा जाहीर केली. ती करणारी मंडळी नवशिकी नव्हती. केन थॉम्पसन म्हणजे युनिक्स या गाजलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या निर्मात्यांपैकी एक, रॉब पाइक त्यांचे बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतले जुने सहकारी, आणि तिसरे रॉबर्ट ग्रीझमर. भाषा जाहीर होते न होते तोच त्यांच्या इश्यू ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारी नोंदवायच्या जाहीर वहीत, नवव्या क्रमांकाची तक्रार येऊन पडली. तक्रारदार फ्रान्सिस मॅककेब. म्हणणं एवढंच, की हे नाव मी माझ्या भाषेसाठी आधीच वापरलेलं आहे. आणि ते खरं होतं. मॅककेब आणि कीथ क्लार्क यांची ‘गो!’ नावाची भाषा होती, उद्गारचिन्हासकट. तिच्यावर शोधनिबंध होते, मॅककेब यांनी तिच्याबद्दल पुस्तकही काढलं होतं.

आता, जगाला शोधून देणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी हे एक नाव आधी शोधून पाहायला नको होतं का? लोकांनी नेमकं हेच विचारलं. त्या तक्रारीखाली प्रतिक्रियांची रांग लागली. भाषेचं नाव ‘इश्यू ९’च ठेवून टाका, असंही काहींनी सुचवलं. पाइक आणि थॉम्पसन यांच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव ‘प्लॅन ९’ होतं, त्यामुळे ते घराण्यात शोभलंही असतं. जवळपास वर्षभर नोंद उघडी राहिली. ऑक्टोबर २०१० मध्ये ती बंद झाली, तेव्हा तिच्यावर शेरा होता ‘दुर्दैवी’. नाव काही बदललं नाही.

मला यातली पुढची गंमत जास्त आवडते. ‘गो’ हा इंग्रजीतला इतका सर्रास शब्द आहे, की तो शोधायला गेलं तर काहीही समोर येतं. भाषेच्या वेबसाइटसाठी go.org हा पत्ता मोकळा नव्हता म्हणून golang.org घेतला गेला, आणि लोकांनी त्या पत्त्यातून परस्पर नवं नाव काढलं: गोलँग. आज नोकरीच्या जाहिरातीत गोलँग, शोधपेटीत गोलँग. भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत मात्र अजून सांगावं लागतं, की बाबांनो, नाव ‘गो’ आहे. मालकांनी ठेवलेलं नाव एक आणि गावानं घेतलेलं दुसरं. कामाचं ठरलं ते गावानं घेतलेलं.

भाषेचं नाव हा रुचीचा प्रश्न आहे असं आपण धरून चालतो. छान अर्थ, छान उच्चार, थोडं काव्य. पण जुनी नावं काढून पाहिली, तर निम्म्याहून अधिक वेळा नाव कवीनं ठरवलेलं नसून दारात उभ्या असलेल्या अडचणीनं ठरवलेलं दिसतं.

चार्ल्स मूर यांना आपली भाषा चौथ्या पिढीच्या संगणकांसाठी आहे असं वाटत होतं, म्हणून नाव ‘फोर्थ’. इंग्रजीत चौथा या शब्दाला सहा अक्षरं लागतात, आणि ते ज्या आयबीएम ११३० वर काम करत होते तिथे फाइलच्या नावात पाचच बसत. एक यू गळला, आणि Forth ही आजन्म यूशिवाय राहिली. १९७५ च्या सुमारास एमआयटीत जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी लिस्प या जुन्या भाषेच्या आपल्या बोलीला ‘स्कीमर’, म्हणजे कारस्थानी, असं नाव दिलं. त्याआधी तिथे ‘प्लॅनर’ (बेत आखणारा) आणि ‘कॉनायव्हर’ (कट करणारा) या भाषा होऊन गेल्या होत्या, तीच खोडकर परंपरा पुढे. पण त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमला फाइलच्या नावात सहा अक्षरंच चालत. शेवटचा आर गेला आणि ‘स्कीम’ उरली. कारस्थानी गेला, कारस्थान राहिलं. माझ्या मते दोन्ही नावं कापली गेल्यामुळे सुधारली.

लॅरी वॉल यांची अडचण वेगळी. त्यांना अर्थपूर्ण, शुभ नाव हवं होतं. बायकोचं ‘ग्लोरिया’ हे नावही विचारात होतं. मग बायबलातल्या अमोल मोत्याच्या दाखल्यावरून ‘पर्ल’. पण PEARL नावाची एक भाषा आधीच होती, यंत्रांच्या नियंत्रणासाठी वापरली जाणारी. त्यांनी स्पेलिंगमधला ए काढला आणि १९८७ च्या डिसेंबरात Perl बाहेर आली. पुढे लोकांनी त्या चार अक्षरांचे विस्तार केले, काही सभ्य, काही नाहीत. नाव आधी आणि लघुरूपाचा अर्थ मागाहून, असा तो प्रकार. पहिल्या पिढीत उलट होतं: फोरट्रान, कोबॉल, अल्गॉल ही खरोखरच कामाच्या वर्णनाची चुरगळलेली रूपं. सरकारी समितीच्या अहवालाचा वास येतो त्यांना. मला ती आवडत नाहीत, पण एक मान्य करायला हवं, की कोबॉल या शब्दाला दुसरं काही चिकटलेलं नाही. कोबॉल शोधलं की कोबॉलच सापडते.

नव्वदीत फाइलच्या अक्षरांचा जाच संपला आणि वकील आले. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग यांनी आपल्या भाषेला ‘ओक’ म्हटलं होतं, त्यांच्या ऑफिसबाहेर ओकचं झाड होतं म्हणून. ओक टेक्नॉलॉजी नावाची कंपनी आधीच होती, ट्रेडमार्क तिच्याकडे. मग बैठक भरली, नावांची यादी झाली, वकिलांनी चाळणी लावली आणि ‘जावा’ उरलं. ते प्रथम कुणाच्या तोंडून आलं, यावर त्या बैठकीतल्या लोकांचंच एकमत नाही. मे १९९५ मध्ये जावा जाहीर झाली आणि काही महिन्यांत ते नाव इतकं गाजलं, की शेजाऱ्यांनाही ते हवंसं वाटू लागलं.

शेजारी म्हणजे ब्राउझर बनवणारी नेटस्केप कंपनी. ब्रेंडन आइक यांनी त्याच मे महिन्यात दहा दिवसांत ब्राउझरसाठी एक भाषा उभी केली होती. आतलं नाव ‘मोका’, चाचणीच्या आवृत्तीत ‘लाइव्हस्क्रिप्ट’. हे नाव वाईट नव्हतं. पण ४ डिसेंबर १९९५ रोजी नेटस्केप आणि सन यांनी मिळून ते ‘जावास्क्रिप्ट’ केलं, कारण जावाची हवा होती. दोन भाषांचं नातं म्हणाल तर वाक्यरचनेच्या वरवरच्या सारखेपणापलीकडे फार नाही. त्या एका सकाळच्या जाहिरातीची किंमत शिकवणारे आणि शिकणारे आजतागायत मोजतायत. “सर, मला जावा येतं, मग जावास्क्रिप्ट किती दिवसांत येईल?” हा प्रश्न ज्याला विचारला गेला नाही असा शिक्षक मला अजून भेटायचा आहे.

किंमत तिथेच थांबली नाही. नाव सनचं ट्रेडमार्क होतं, म्हणून मायक्रोसॉफ्टनं आपल्या आवृत्तीला ‘जेस्क्रिप्ट’ म्हटलं. १९९७ मध्ये प्रमाण ठरवायची वेळ आली तेव्हा कुणाचंही नसलेलं नाव हवं होतं, म्हणून प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेच्याच नावावरून ‘एकमास्क्रिप्ट’. हे नाव एखाद्या त्वचारोगासारखं वाटतं, असं खुद्द आइक यांनी लिहून ठेवलंय. सन पुढे ओरॅकलनं विकत घेतली, त्याबरोबर ट्रेडमार्कही तिकडे गेला. २०२४ च्या नोव्हेंबरात डेनो या कंपनीनं तो रद्द करावा म्हणून अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाकडे अर्ज केला. उसन्या नावाचं हे असं असतं: वापरतं सगळं जग, सातबारा दुसऱ्याचा.

चिन्हांबद्दल थोडं. सी शार्प (C#) या भाषेच्या नावातलं चिन्ह संगीतातलं आहे. सीच्या अर्ध्या स्वरानं वर. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर काळी एक. (एफ शार्प मग काळी तीन.) कल्पना सुरेख, कारण सी प्लस प्लसमध्येही मूळ सीला एकानं वाढवण्याची हीच चतुराई होती, आणि तिथे ते चिन्ह त्या भाषेतलंच होतं. पण संगीतातलं खरं शार्प कीबोर्डवर नसतं, म्हणून सगळे नंबरचं चिन्ह टाइप करतात. वेबच्या पत्त्यात त्या चिन्हाचा अर्थ वेगळा: त्याच्यापुढचा भाग सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. मग पत्त्यात, फोल्डरच्या नावात csharp असं अक्षरांत लिहायचं. एक अक्षरी नावांचंही तेच दुखणं. सी निघाली तेव्हा शोधयंत्रं नव्हती, तिला माफ. न्यूझीलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ केली. आधी ‘एस’ नावाची भाषा होती आणि दोघांच्या नावात आर, म्हणून ते सुचलं. गोड आहे. पण पुढे आरबद्दलचीच पानं शोधण्यासाठी वेगळं शोधयंत्र बनवावं लागलं. रोमन वर्णमालेत सव्वीस अक्षरं आहेत. ती आता सोडून द्या, ही माझी हात जोडून विनंती.

आणि उच्चार. फ्रान्समध्ये ‘कॉक’ नावाची, गणितातल्या सिद्धता तपासणारी प्रणाली होती. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कोंबडा, शिवाय थिएरी कोकाँ या संशोधकाच्या नावाची आठवण. इंग्रजीत तोच उच्चार अश्लील. आपण कशावर काम करतो हे चारचौघांत सांगताना लोकांना, विशेषतः बायकांना, अवघडल्यासारखं व्हायचं. कितीतरी वर्षं यावर वाद झाले आणि २०२५ मध्ये ती ‘रॉक’ झाली, स्पेलिंग Rocq, जिथे तिचा जन्म झाला त्या रोकँकूर गावाच्या नावातून. इतक्या उशिरा नाव बदलायचं म्हणजे कमांड, पॅकेज, पाठ्यपुस्तकं, जुने दुवे, सगळ्यांत हात घालायचा. ते केलं याचं मला कौतुक वाटतं.

हॅस्केल ही भाषा करणारे एका रात्रीत वाचले. १९८८ च्या जानेवारीत येल विद्यापीठात समिती बसली होती. फळ्यावर नावं लिहायची आणि ज्याला जे आवडत नसेल ते त्यानं खोडायचं, अशी पद्धत. शेवटी ‘करी’ उरलं, तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्या सन्मानार्थ. रात्री काहींच्या डोक्यात आलं, की आता आयुष्यभर मसाल्याचे विनोद ऐकावे लागणार. सकाळी आडनावाऐवजी पहिलं नाव घेतलं. करी तेव्हा हयात नव्हते. परवानगीसाठी त्यांच्या पत्नीला भेटायला लोक गेले. त्या चांगल्या बोलल्या, आणि निघताना म्हणाल्या, हॅस्केलला स्वतःचं हे नाव कधी आवडलंच नाही. आडनाव वाया गेलं नाही. ‘करी’ नावाची वेगळी भाषा नंतर आलीच.

अर्थाबद्दल मी इतका वेळ बोललो नाही, कारण तो मला शेवटचा मुद्दा वाटतो. ‘पायथन’ भाषा करणाऱ्या गुइडो व्हॅन रॉसम यांना छोटं, वेगळं आणि किंचित गूढ नाव हवं होतं. ते तेव्हा बीबीसीच्या ‘मॉंटी पायथन’ या विनोदी मालिकेच्या संहिता वाचत होते. सापाचा काही संबंध नव्हता. आज बोधचिन्हावर दोन साप आहेत आणि कुणाला ते खटकत नाही. ब्राझीलच्या ‘लुआ’चा अर्थ पोर्तुगीजमध्ये चंद्र, आधीच्या भाषेचं नाव ‘सोल’, म्हणजे सूर्य होतं म्हणून. हे माहीत नसताना लाखोंनी लुआ वापरली. उलट गुणगान करणारं नाव धोक्याचं. भाषेला वेगाचं नाव द्यायचं आणि कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, चहा होऊन कप विसळेपर्यंत चालायचा, म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

नाव ठरलंय असं वाटलं, की ते फोनवरून एखाद्याला सांगा आणि लिहायला लावा. त्यानं स्पेलिंग विचारलं तर ते खोडा. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती कमांड आधीपासून आहे का पाहा. फाइलचं शेपूट तपासा; .pl वर पर्ल आणि प्रोलॉग दोघींचा हक्क आहे, .m वर मॅटलॅब आणि ऑब्जेक्टिव्ह-सीचा, आणि एडिटर बिचारे अंदाज करत बसतात. त्या नावाचा खेळ आहे का तेही बघा. ‘रस्ट’ ही भाषा आहे आणि त्याच नावाचा एक लोकप्रिय व्हिडिओ गेमही आहे, आणि त्याचे खेळाडू अधूनमधून चुकून भाषेच्या चर्चेत येऊन बंदुकांबद्दल विचारतात.

इथे एका मुलीनं चिठ्ठी पाठवली आहे: भाषेला मराठी नाव द्यावं का? जरूर द्या. अडचण अर्थाची नाही, रोमन लिपीची आहे, कारण कमांड त्याच लिपीत टाइप होणार. ‘ज्वाला’ घेतलंत तर निम्मे jwala लिहितील, निम्मे jvala. ‘ओळ’मधला ळ रोमनमध्ये एल होतो आणि ‘ओल’ वाचला जातो. ‘शीळ’चं तर दोन्हीकडून वाटोळं. व, ळ, ण आणि शेवटचा आकार ज्यात नाही असा शब्द शोधा. ‘मोट’ चालेल, ‘तुरा’ला शेवटी एक ए की दोन यावर भांडण होईल. आणि मोट घेण्याआधी त्या नावाचं कुणाचं काही आहे का, ते मात्र आज रात्रीच बघून घ्या.