कानांवरचे हात

ऑर्गनचा पहिला सूर निघायच्या आत त्याचे दोन्ही हात कानांवर गेलेले असतात. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत, पुढे काय होणार, हे या नऊ वर्षांच्या मुलाला पाठ आहे. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, घंटा केव्हा वाजणार, सगळं. दर रविवारी तेच शब्द, त्याच क्रमाने. मोठ्यांना कधीकधी कंटाळा आणणारी ही उपासना स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाला मोठा आधार देऊ शकते, कारण इथे अचानक काही घडत नाही.

निदान फारसं नाही. धुपाचा वास येतो, माईक खरखरतो, शांतिदानाच्या वेळी, सगळे एकमेकांना शांती देताना, अनोळखी हात पुढे येतात. आवाज, वास, स्पर्श असे अंगावर येणं २०१३ पासून ऑटिझमच्या निदान-निकषांतही नोंदलेलं आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, “पोराला आवरा.” त्या एका वाक्यापायी आई पुढचे कितीतरी रविवार घरीच राहते.

रात्री अंथरुणात तो प्रभूची प्रार्थना म्हणतो, पण एकच ओळ, पुन्हा पुन्हा : “आम्हाला वाइटापासून सोडव.” ऐकलेलं वाक्य तसंच्या तसं उच्चारण्याला इकोलालिया म्हणतात. कृपा करून याला पोपटपंची म्हणू नका. अशा बोलण्यात पुष्कळदा मागणी असते, भीती असते. बाहेर फटाके वाजले की हा नेमकी हीच ओळ म्हणतो.

मग ख्रिस्तप्रसादाचा प्रश्न येतो, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून मिस्सेत दिल्या जाणाऱ्या भाकरीच्या चकतीचा. त्याला कळतं का? अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी १९९५ साली याचं उत्तर दिलं : ख्रिस्ताचं शरीर आणि साधं अन्न यांतला फरक ओळखता यावा, आणि ती ओळख शब्दांऐवजी हावभावातून किंवा आदराच्या शांततेतूनही दिसू शकते. किती आयांच्या जिवाला यानं धीर दिला असेल!

तरी जिभेचं काय? ती पातळ, कोरडी चकती टाळूला चिकटते. म्हणून आई घरी तशाच साध्या चकतीचा सराव करून घेते. पहिल्या दिवशी नुसती बोटावर, मग ओठाला, मग नखाएवढा तुकडा. भाकर झेपलीच नाही, तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात प्रसाद देण्याची मुभा चर्चच्या कायद्यात आहे.

आज तो रांगेत उभा आहे.

“ख्रिस्ताचे शरीर.”

धर्मगुरू थांबतात. मागची रांगही थांबते. मुलगा चकतीकडे बघत राहतो. कानावरचा एक हात हळूच खाली येतो.

“आमेन.”