संग्रहालयातली मुले: पाहुणी की कारभारी?

मंडळी, नागपुरात रिक्षावाल्याला मध्यवर्ती संग्रहालयात जायचे आहे असे सांगितले तर तो क्षणभर घुटमळतो. अजब बंगला म्हटले की निमूट सिव्हिल लाइन्सचा रस्ता धरतो. १८६३ साली सुरू झालेल्या या संस्थेला हे नाव कोणा अधिकाऱ्याने दिलेले नाही, ते लोकांनी दिले. तिच्या कारभारात लोकांनी घातलेली सर्वांत टिकाऊ भर बहुधा हीच असावी.

आज मला तेरा ते एकोणीस या वयाच्या मुलांविषयी आणि संग्रहालयाच्या कारभारात त्यांना वाटा देण्याविषयी बोलायचे आहे. (ती मुले मागच्या दोन रांगांत बसली आहेत आणि पुढच्या खुर्च्या आपण अडवल्या आहेत, हेही जाता जाता नोंदवतो.) काही वर्षांपूर्वी मी शाळेच्या एका सहलीबरोबर अशाच एका संग्रहालयात गेलो होतो. शिळावर्तुळांच्या, म्हणजे गोलाकार मांडलेल्या मोठ्या दगडांच्या, छायाचित्रापुढे नववीतली एक मुलगी थांबली आणि म्हणाली, ‘‘सर, आमच्या वावराले लागून असेच गोटे हायेत, आजी तिथं बकऱ्या बांधू देत नाई.’’ नागपूरच्या आसपास, जुनापाणीसारख्या ठिकाणी, लोहयुगातली अशी दफनवर्तुळे शेकड्यांनी आहेत. ती जागा निषिद्ध मानण्याची आठवण एका घरात अजून जिवंत असणे ही कोणत्याही अभ्यासकाने वहीत टिपून घ्यावी अशी गोष्ट होती. तिला उत्तर मिळाले ते एवढेच: ‘‘रांग मोडू नका, पुढे चला.’’ उत्तर देणारा मीच होतो.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना आपल्या हेतूसाठी वापरणे, त्यांना शोभेला उभे करणे आणि नावापुरते सामील करून घेणे, यांना ते सहभाग मानतच नाहीत. आपल्याकडे उद्घाटनाला गुच्छ देणाऱ्या आणि छातीवर ‘स्वयंसेवक’ असा बिल्ला लावून पाहुण्यांना पाणी देणाऱ्या मुलांची पायरी कोणती, हे सांगायला नको.

वरच्या पायऱ्या कशा असतात त्याची दोन उदाहरणे देतो. अमेरिकेत मिनियापोलिसच्या वॉकर कलाकेंद्राने १९९६ मध्ये किशोरवयीनांची परिषद स्थापन केली. समवयस्कांसाठीचे कार्यक्रम ती मुलेच आखतात. मला अधिक भावते ते त्याआधीचे उदाहरण. वॉशिंग्टनच्या अ‍ॅनाकोस्टिया या कृष्णवर्णीय वस्तीत १९६७ मध्ये एका जुन्या चित्रपटगृहात छोटे संग्रहालय उघडले. तिथल्या मुलांच्या बोलण्यात घरातल्या उंदरांचा विषय वारंवार येई, आणि संग्रहालयाने १९६९ मध्ये जिवंत उंदरांसह उंदीर याच विषयाचे प्रदर्शन भरवले. कचरा, पडकी घरे, पालिकेची हेळसांड हे सारे त्या एका प्राण्याच्या निमित्ताने दालनात आले. मोठ्यांच्या समितीला उंदीर हा विषय सुचला असता, असे मला वाटत नाही.

नागपुरात काय करता येईल? आपल्याकडे नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. त्या गाड्यांतून आजच्या मुलांचे आजी-आजोबा प्रवास करत, काहींनी तिथे नोकरीही केली. डब्याशेजारचा फलक लिहिण्याआधी मुलांनी त्यांना बोलते केले, तर बांधणीचे वर्ष आणि वजन यांपलीकडचे काहीतरी त्यावर येईल. हाच फलक मराठीबरोबर गोंडीतही असावा का, हे मुलांना ठरवू द्यावे.

यावर ‘मुले चुका करतील’ ही हरकत ठरलेली. करतील. सनावळी आणि मोजमापे संग्रह सांभाळणाऱ्या अभिरक्षकांनी तपासावीत; शब्दांना मात्र हात लावू नये. दुसरी हरकत दहावी-बारावीची, आणि ती खरी आहे. जागतिक संग्रहालय दिन १८ मेला येतो, तेव्हा मुले मोकळी असतात, पण नागपूरचे ऊन कोणाला बाहेर पडू देत नाही. म्हणून दिवाळीनंतरचे तीन महिने, रविवारी दोन तास, आणि मुख्यतः आठवी, नववी व अकरावीची मुले, एवढ्यावर सुरुवात व्हावी. बसभाडे संस्थेने द्यावे, नाहीतर जवळच्या वस्त्यांतली मुलेच तेवढी येतील आणि त्या वावराच्या काठची मुलगी पुन्हा बाहेरच राहील.

शेवटची गोष्ट पैशांची. मुलांची अशी परिषद नेमली पण तिच्या नावावर रुपयाही ठेवला नाही, तर प्रत्येक सूचनेला ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच उत्तर मिळते. रक्कम लहान असो, एका भिंतीपुरती असो, पण ती कशावर खर्च करायची हे मुलांनी ठरवावे आणि हिशेबही त्यांनीच मांडावा. मागच्या रांगांतल्यांनी आता पुढे यावे. पहिला प्रश्न मी त्यांचा घेणार आहे.