रंग कुठपर्यंत मारायचा?

परशुराम घाटाच्या वळणावर गाड्या थांबतात. खाली वाशिष्ठी वळसे घेत गोवळकोटकडे निघालेली, दोन्ही काठांना हिरवंगार. मोबाइल बाहेर येतात, फोटो निघतात. थोड्या वेळाने हीच मंडळी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरतात आणि काच वर करता करता कुणीतरी म्हणतं, "शी, काय कळकट रस्ता आहे!"

कळकट. शब्द लागतो, पण खोटा म्हणता येत नाही. डोक्यावर निळ्या ताडपत्र्या, शेवाळून काळ्या पडलेल्या भिंती, वायरींचं जंजाळ. आणि पत्रे. जिकडे बघाल तिकडे पत्रे.

पत्र्यांचीच गोष्ट आधी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुनी घरं जांभ्या चिऱ्याची, उतरत्या कौलांची. वळचण एवढी पुढे आलेली असायची, की पागोळ्या भिंतीपासून लांब पडत. मग मुंबईसारखं घर हवं झालं. कौलं उतरली, सपाट स्लॅब आला. सपाट छप्पर कोकणात गळायचंच. ते गळू लागल्यावर त्याच्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा चढवला. थोडक्यात, छप्पर काढून स्लॅब टाकला आणि स्लॅब वाचवायला पुन्हा छप्पर घातलं!

आता खाली बघा. हा ओटा. एकेकाळी तीन पायऱ्या चढून दुकानात जावं लागे. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, पायऱ्या एकेक करून गाडल्या गेल्या. आज दुकानात शिरायला पाऊल खाली टाकावं लागतं. साधी जोराची सर आली तरी पाणी आत.

पण सर वेगळी आणि पूर वेगळा.

(दृश्य: भिंतीवरच्या दोन रेघा. कॅमेरा खालून हळूहळू वर.)

ही पहिली रेघ, २६ जुलै २००५. आणि ती, मान वर करून बघावी लागते ती, २२ जुलै २०२१. त्या दिवशी काही भागांत पाणी पहिल्या मजल्याला टेकलं. १८६४ साली सुरू झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने दोन्ही पुरांत पुस्तकं गमावली. पाऊस, भरती, नदीतला गाळ, कोयनेच्या वीजघरांतून कोळकेवाडी धरणामार्गे येणारं पाणी, दोष कुणाचा किती यावर इथल्या कट्ट्यांवर अजून आवाज चढतात. गाळ काढा म्हणून लोक २०२१ च्या डिसेंबरात साखळी उपोषणाला बसले.

देशाने हा रस्ता टीव्हीवर पाहिला तो त्या पुराच्या आठवड्यात. चिखलात उलटे पडलेले फ्रीज, कपड्यांचे भिजलेले तागे, धान्याला सुटलेला आंबूस वास. वास अर्थात टीव्हीवर आला नाही. चित्र मात्र डोक्यात बसलं, आणि गाव धुऊन पुसून उभं राहिलं तरी ते काही पुसलं गेलं नाही.

त्यात पूररेषा आल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. निळीच्या आत नवं बांधकाम करायला बंदी. शहराचा मोठा भाग या रेषांत अडकला आणि चिपळूणकरांनी विरोध केला. माणसांनी पाण्याच्या वाटेत घरं बांधू नयेत हे मलाही पटतं. पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच दुकान असलेल्या माणसाला, उद्या इमारत पुन्हा बांधता येईल की नाही याचाच भरवसा नसेल, तर तो दर्शनी भागावर पैसा कशाला घालेल? तो पोटमाळा मजबूत करतो. विजेचा मीटर हात पुरेल तितका वर नेतो. भिंतीला बाहेरून न्हाणीघरातल्या फरश्या लावतो, कारण त्यांच्यावरचा चिखल पाइपाने धुता येतो. दिसायला भयानक दिसतं. कामाला चोख.

(दृश्य: गणपतीच्या आधीचा आठवडा. शिडी, रंगाचा डबा.)

रंगारी शिडीवरून खाली वाकून विचारतो, "काका, ही रेघ पण पुसू ना?"

काका गल्ल्यावरून मानही वर करत नाहीत.

"नको रे. ती असू दे. पुढच्या खेपेला माल कुठवर चढवायचा ते कसं कळणार?"